पैलवानाचं वजन आणि हेन्लेचं वळण

कोल्हापुरातल्या खासबागच्या मैदानात कुस्ती जोडीवर ठरते. अंगापिंडानं, नावानं आणि मागच्या कुस्त्यांवरून दोघे तुल्यबळ आहेत असं वस्तादांना वाटलं की जोड लागली. ऑलिंपिकची रीत वेगळी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं. गादीवर उतरायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. काट्यासाठी घाईनं वजन उतरवणारा पैलवान मग प्रतिस्पर्ध्याच्या आधी स्वतःच्या मूत्रपिंडांशी झुंजतो.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ ला पैलवान विनेश फोगाट नेमकी इथेच अडकली. पहिल्या सकाळी ती ५० किलोच्या आत होती. दिवसभरात तीन कुस्त्या जिंकल्या, ताकद टिकावी म्हणून थोडं खाल्लं, पाणी प्यायलं, आणि संध्याकाळी काटा २.७ किलो जादा दाखवू लागला. रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम उरलेच आणि अंतिम कुस्ती हातची गेली. तेवढं पाणी लघवीवाटे का निघून जाऊ नये, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. उत्तर कमरेच्या वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

प्रत्येक मूत्रपिंड साधारण दीडशे ग्रॅमचं, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा या जोडीकडे जातो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. अंगातलं रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. म्हणजे ते दिवसात साठ वेळा गाळलं जातं! मूत्राशयात उतरते ती मात्र दीड-दोन लिटर लघवी. बाकीचे १७८ लिटर पाणी, त्यातलं मीठ आणि साखर रक्तात परत घेतली जाते. मूत्रपिंडाला गाळणी म्हणणं म्हणूनच त्याच्यावर अन्याय करणारं आहे. गाळण्याचं काम रक्ताच्या दाबावर होऊन जातं. खरी मेहनत आहे ती परत घेण्याची. बाजारात ‘किडनी साफ करणारे’ रस आणि काढे विकणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा. दिवसाला साठ वेळा रक्तद्रव साफ करणाऱ्या अवयवाला कोणत्याही बाटलीची गरज नाही.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. शरीरातही अशीच व्यवस्था आहे, फक्त तिथे पातळी मोजली जाते ती रक्तातल्या क्षारांची. ती एक-दोन टक्क्यांनी चढली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना कळतं, व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्यांमध्ये पाण्याच्या सूक्ष्म वाटा खुल्या होतात. लघवी होऊ पाहणारं पाणी त्या वाटांनी मागे फिरतं. घाम गाळून सुकलेल्या पैलवानाच्या रक्तात हे संप्रेरक भरपूर असतं. त्याच्या पोटात गेलेला घोट मूत्रपिंड सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.

पण पाणी वाचवण्यालाही मर्यादा आहे. माणसाची लघवी रक्ताच्या फार तर चौपट तीव्र होऊ शकते. रोजचा युरिया आणि क्षार बाहेर टाकायला म्हणून किमान अर्धा लिटर पाणी खर्चावंच लागतं. दूध, अंडी, मटण असा प्रथिनांचा खुराक घेणाऱ्याच्या अंगात युरिया जास्त, त्यामुळे त्याचा हा खर्चही जास्त. अशा माणसानं पाणी तोडलं तर ती भरपाई रक्तातून आणि पेशींतून होते.

ही चौपट तीव्रता येते कशी, हे कोडं सुटायला फार काळ लागला. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांना १८६२ साली मूत्रपिंडात केसाच्या आकड्यासारख्या वळलेल्या नळ्या दिसल्या: खोल उतरायचं, वळायचं, पुन्हा वर यायचं. हे वळण कशासाठी, हे पुढची ऐंशी वर्षं नीट कळलं नाही. उत्तर सुचलं ते बाझेलच्या वर्नर कून या रसायनशास्त्रज्ञाला. वर चढणारी बाजू मीठ बाहेर ढकलते, पाणी मात्र सोडत नाही. त्यामुळे प्रत्येक पातळीवर दोन बाजूंत थोडाच फरक पडतो. पण प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेनं वाहत असल्यामुळे तो थोडा फरक थरावर थर साचत तळाशी प्रचंड होतो. त्या खारट तळातून शेवटच्या नळ्या जातात आणि तिथेच त्यांच्यातलं पाणी ओढलं जातं. उलट प्रवाहांचं हे तत्त्व कून यांनी १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, जर्मन भाषेत मांडलं. मूत्रपिंडाच्या अभ्यासकांनी दखल घेतली नाही. १९५१ साली वीर्त्झ आणि हार्गिताय यांच्यासोबत त्यांनी पुरावाच दिला. उंदरांच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू वितळू दिले, तर आतल्या थरातला बर्फ बाहेरच्यापेक्षा कमी तापमानाला वितळत होता. म्हणजे आत खारटपणा वाढत जातो. इतका साधा, इतका सुंदर प्रयोग! तरीही या क्षेत्रातले अमेरिकेचे सर्वांत वजनदार अभ्यासक होमर स्मिथ यांना तो पटायला १९५९ साल उजाडलं. होमर स्मिथ यांचं नाव आज आदरानं घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. कून यांच्या वाट्याला त्याच्या निम्मंही यावं, एवढं तरी व्हायला हवं होतं.

फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी हेन्लेच्या याच चढत्या बाजूचा मिठाचा पंप बंद पाडते. खारट तळ विरतो, पाणी परत येईनासं होतं आणि लघवी धो धो लागते. हृदयविकारात पायांना सूज आलेल्या रुग्णाला ती आधार देते. वजन उतरवायला ती घेणाऱ्या पैलवानाच्या शरीरातून मात्र पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. उत्तेजकविरोधी नियमांत अशा औषधांवर बंदी आहे.

अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान दगावले. त्यानंतर तिथल्या विद्यापीठीय कुस्तीत घामाच्या खोल्या आणि रबरी सूट बंद झाले आणि पैलवानाचा किमान वजनगट ठरवण्याआधी लघवीची घनता मोजणं सक्तीचं झालं. पाण्याची घनता १.०००, सुकलेल्या माणसाच्या लघवीची १.०३० च्या आसपास, १.०२० च्या वर आकडा गेला तर त्या दिवशी गट ठरत नाही. उपकरण हातात मावणारं: काचेवर लघवीचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, आकडा वाचायचा. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि राज्य स्पर्धांत, निदान मुलामुलींच्या गटांत, वजनकाट्याशेजारी हे उपकरण असायलाच हवं. आधी भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ करणारे निघतील. म्हणूनच दोन्ही मोजमापं एकाच वेळी घ्यायची, कारण प्यायलेलं लिटरभर पाणी काट्यावर पुरतं एक किलो भरतं.