ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य: पाचाऐवजी दहा वर्षे

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थलांतरविषयक श्वेतपत्रिका मांडली. बहुतेक नोकरीच्या व्हिसांवर ५ वर्षांनी मिळणारा कायम वास्तव्याचा हक्क यापुढे साधारण १० वर्षांनी द्यावा, असा तिचा प्रस्ताव होता. अर्थव्यवस्थेला आणि समाजाला हातभार लावणाऱ्यांना तो लवकर मिळू शकेल. ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांना ५ वर्षांचीच अट राहील. नागरिकत्वासाठी कायम वास्तव्याचा हक्क मिळाल्यावर सहसा आणखी वर्षभर थांबावे लागते.

पुण्याहून गेलेल्या नर्सचा व्हिसा नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो. नोकरी सुटली, तर साधारण ६० दिवसांत नवी संस्था शोधायची, नाहीतर देश सोडायचा. दहा वर्षांची अट लागू झाली, तर ही टांगती तलवार दुप्पट काळ राहील. म्हणून जे आधीच तिथे राबत आहेत, त्यांना जुन्याच अटी लागू राहायला हव्यात.