भेट सायकलीची, माप तिचं

घरातल्या बाईला भेट काय द्यायची, असा प्रश्न आला की आपलं डोकं साडी, दागिना आणि मिक्सर यांच्यापलीकडे सहसा जात नाही. आज मी आणखी एक वस्तू सुचवणार आहे. ती म्हणजे सायकल. तीही जाड टायरची, गिअरची, डोंगराळ वाटांसाठी बनवलेली. दुकानात तिला 'माउंटन बाइक' म्हणतात. काहींना हे ऐकून हसू येईल. पण लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी मी पत्नीला हीच भेट दिली. ती निवडताना जे शिकायला मिळालं, ते इतरांच्याही कामी यावं म्हणून हे बोलणं.

आम्ही किनवटला राहतो. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठचा हा तालुका. सागाचं जंगल, चढउतार, मधून मधून तांडे आणि पोड. मुख्य रस्ता डांबरी असला तरी आत वळलं की मुरूम लागतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर, वाटेत दोन चढ आणि एक नाला. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही आणि परतीला कधी मिळते, कधी नाही. मला स्कूटर चालवता येते, पण माझ्या आणि तिच्या वेळा जुळत नाहीत. थोडक्यात, तिचं जाणं-येणं दुसऱ्यावर अवलंबून होतं. शाळकरी वयात मात्र हीच मुलगी रोज सायकलवरून शाळेत जायची.

हे आपल्याकडे घरोघरी घडतं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रांग सायकलवरून जाताना आपण कौतुकाने पाहतो. पण बारावी झाली, लग्न ठरलं, की ती सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि मुलगी पुन्हा पायी. सायकल चालवायला ती विसरलेली नसते. घरात तिच्यासाठी सायकल नसते, एवढंच.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याचं उदाहरण इथे आठवतं. १९९१ नंतर तिथल्या साक्षरता मोहिमेत अक्षरांच्या जोडीला सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका अशा हजारो बाया सायकलवर बसल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा या बायांनी दांडीच्या सायकली घेतल्या. पुढे काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर लेकराला बसवता येतं. कोणती सायकल बाईची आणि कोणती पुरुषाची, हे दुकानातल्या पाटीवरून ठरत नाही. चालवणारीची गरज काय आहे, यावरून ठरतं.

माउंटन बाइकचा जन्मही असाच गरजेतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या माउंट टॅमलपायस या डोंगरावरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली कच्च्या वाटेने खाली सोडत. १९७६ साली त्या परिसरात त्यांनी शर्यत सुरू केली. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि दरवेळी नव्याने भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी खास सांगाडा तयार केला आणि १९८१ मध्ये 'स्टम्पजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली माउंटन बाइक बाजारात आली. मजबूत सांगाडा, रुंद टायर, चढासाठी हलके गिअर, उतारासाठी पक्के ब्रेक. आमच्या मुरमाच्या वाटेला याच चार गोष्टी लागतात.

आता निवडीकडे येऊ. पहिली गोष्ट माप. आपण चप्पल मापाने घेतो, ब्लाऊज मापाने शिवतो, आणि सायकल मात्र रंग बघून उचलतो. माप घरीच घेता येतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाडसर पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर घट्ट धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. पत्नीची उंची पाच फूट. हे माप आलं ६८ सेंटिमीटर. त्याला ०.५७ ने गुणलं की सांगाड्याचं माप सेंटिमीटरमध्ये मिळतं. उत्तर आलं सुमारे ३९ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १५ इंच. पण हा आकडा अंदाजाचा. खरी परीक्षा दुकानात. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यात किमान दोन इंच मोकळी जागा हवी. खडबडीत वाटेवर अचानक उतरावं लागलं तर हीच जागा दुखापत टाळते. म्हणून आम्ही १४ इंची, मधली दांडी खाली झुकलेली सायकल पसंत केली. साडी असो की पंजाबी ड्रेस, पाय टाकायला ती सोयीची.

माप घ्यायचं म्हणजे तिला आधी सांगावं लागणार, मग गुपित कसलं, असं कुणी विचारेल. माझं मत असं की सायकलीच्या बाबतीत गुपित ठेवूच नये. नवरा आपल्या मनातली सायकल आणतो, बायको कौतुक करते आणि महिन्याभरात ती सायकल अंगणात कपडे वाळत घालायच्या कामी येते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात आम्ही गेलो, तेव्हा दुकानदार सगळी माहिती मलाच सांगत होता. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकॲब्जॉर्बर, २१ गिअर, लाल रंग. पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, मला शर्यत नाही लावायची, शाळेत जायचंय. दप्तर कुठे ठेवायचं ते विचारा." त्या एका वाक्याने अर्धी सायकली बाद झाल्या.

शॉकॲब्जॉर्बरचं गणित समजून घ्यावं. पुढच्या चाकाला तो असला तर खड्ड्यांचे दणके हाताला कमी बसतात. पण कमी किमतीच्या सायकलीत मागच्या बाजूला दिलेली स्प्रिंग फार उपयोगाची नसते. सायकलीचं वजन वाढतं, आणि चढावर पायडल मारताना सीट वरखाली होऊन पायाचा जोर स्प्रिंगमध्येच जिरतो. पैसे मोजके असतील तर मागची स्प्रिंग नको. तेच पैसे चांगल्या ब्रेकला आणि टायरला जाऊ द्यावेत.

गिअरचंही तसंच. २१ हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण पाहायचं ते हे की सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. जुन्या काळ्या सायकलीला समजा पुढे ४४ दात आणि मागे १८ दात आहेत. पायडल एकदा पूर्ण फिरलं की चाक सुमारे अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. गिअरच्या सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ दातांवर चेन आणली, तर एका फेरीत सायकल जेमतेम पावणेदोन मीटर जाते. म्हणजे वेग कमी, पण पायावरचा भार एक तृतीयांशाच्या आसपास. चढ तेवढाच राहतो. श्रम फक्त छोट्या छोट्या हप्त्यांत वाटले जातात. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसणाऱ्या बाईला चढावर उतरावं लागलं नाही, की तिचा विश्वास वाढतो.

ब्रेक हाताच्या मापाचा हवा, हे फार थोडे लोक पाहतात. बोटं लहान असतील तर ब्रेकची दांडी हँडलपासून लांब पडते. बहुतेक दांड्यांना एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी जवळ येते. रिंगेवर दाबणारा ब्रेक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण पाण्या-चिखलात त्याची पकड कमी होते. डिस्क ब्रेक पावसात चांगला. मात्र त्याचे पॅड आपल्या गावात मिळतात का आणि मिस्त्रीला ते बसवता येतात का, हे आधी विचारावं.

टायर निवडताना उंच गोट्यांचा मोह टाळावा. डांबरी रस्त्यावर ते घरघरतात आणि ताकद खातात. मधला भाग सपाट आणि कडेला गोट्या असा टायर आमच्या मिश्र वाटेला बरा. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर तरी जागा असावी, नाहीतर काळी माती तिथे बसते आणि चाकच फिरेनासं होतं. बाभळीचा काटा तर ठरलेलाच. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

या सायकलींना स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, घंटी आणि चेनकव्हर बहुधा नसतं. ओढणी किंवा साडीचा काठ चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेनकव्हर हवंच. हेल्मेट आणि मागचा लाल दिवाही आलाच. या वस्तूंसाठी पैसे सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. ती जाणत्या मिस्त्रीकडूनच जोडून घ्यावी. नवी सायकल महिनाभराने पुन्हा दाखवावी, कारण सुरुवातीला तारा सैलावतात आणि गिअर नीट पडेनासे होतात.

सीट पहिले आठ दिवस खाली ठेवावी, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. हात बसला की वर घ्यावी. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं असता गुडघा सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर. सीट कायम खाली ठेवली तर गुडघे दुखतात आणि दोष सायकलीला जातो.

शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही. सायकलवरून निघायचं तर वीस मिनिटं आधी निघावं लागतं, आणि घरातल्या बाईच्या सकाळी ही वीस मिनिटं नसतात. डबे, पाणी, झाडलोट यांत ती संपलेली असतात. म्हणून सायकल घरी आली त्या दिवसापासून सकाळचा चहा आणि डबे भरणं मी माझ्याकडे घेतलं. गल्लीत चार दिवस चर्चा झाली, मास्तरीणबाई या वयात सायकलवर, म्हणून. पाचव्या दिवशी शेजारच्या दोघींनी सायकलीचं माप कसं घेतात ते विचारलं.

आता काळी-पिवळी भरली की नाही, याची चौकशी आमच्या घरात होत नाही. मुसळधार पाऊस असला की ती सायकल घरी ठेवते, उन्हाळ्यात सकाळच्या शाळेला उजाडताच निघते. कधी निघायचं आणि कधी परतायचं, हे तिचं ती ठरवते. आपण सायकल द्यायचा विचार करत असाल, तर दुकानात तिला सोबत न्या, आणि दुकानदाराशी तिला बोलू द्या.