विश्लेषण : शनिवार-रविवारच्या सुट्टीत दोघांनी हाँगकाँग करणे शक्य आहे का? आधी तासांचा हिशेब मांडा!

शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचे, शनिवारी सकाळी हाँगकाँगमध्ये उतरायचे, रविवारी रात्रीच्या विमानाने परतायचे आणि सोमवारी कामावर हजर. गोवा आणि महाबळेश्वर करून झालेल्या अनेक जोडप्यांना हा बेत आता खुणावू लागला आहे. बेत अशक्य नाही. मात्र तो फसतो तेव्हा बहुतेक वेळा पैशांमुळे नाही, तर दोन गोष्टींमुळे फसतो. एक म्हणजे एका कागदाकडे झालेले दुर्लक्ष आणि दुसरी म्हणजे हातातल्या तासांचा चुकलेला अंदाज.

प्रत्यक्षात किती तास मिळतात?

मुंबई ते हाँगकाँग थेट विमानप्रवास साडेपाच ते सहा तासांचा आहे. तिथले घड्याळ आपल्या पुढे अडीच तास चालते. समजा, मध्यरात्रीनंतर सुटलेले विमान शनिवारी सकाळी साडेनऊला उतरले. इमिग्रेशन, सामान आणि शहरापर्यंतचा प्रवास धरला तर हॉटेल गाठायला साडेअकरा वाजतात. रविवारी रात्री आठचे परतीचे विमान असेल, तर दुपारी साडेचारला शहर सोडावे लागते. म्हणजे हातात उरले २९ तास. त्यातले झोपेचे आठ आणि जेवण, आंघोळ, आवराआवर यांचे चार वजा केले, की फिरण्यासाठी मिळतात जेमतेम १७ तास.

सोमवारची एक रजा टाकली, तर हाच आकडा ३०च्या घरात जातो. विमानाचे तिकीट तेवढेच राहते, फिरण्याचा वेळ मात्र पावणेदोनपट होतो. त्यामुळे या सहलीत सर्वात मौल्यवान गोष्ट कोणती, तर ती एक रजा.

व्हिसा लागतो की नाही?

भारतीय पासपोर्टधारकांना १४ दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी हाँगकाँगचा व्हिसा लागत नाही. ‘व्हिसा फ्री’ एवढे वाचून अनेक जण थेट तिकीट काढतात आणि तिथेच गडबड होते. जानेवारी २०१७पासून भारतीयांना ‘प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन’ म्हणजे आगमनपूर्व नोंदणी बंधनकारक आहे. हाँगकाँग इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ती मोफत करता येते आणि बहुतेक वेळा निकाल लगेच मिळतो. मंजूर झालेली नोंदणी सहा महिने चालते व त्या काळात एकापेक्षा जास्त वेळा जाता येते. नोंदणीच्या वेळी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

मंजुरीची चिठ्ठी ए-४ आकाराच्या पांढऱ्या कागदावर छापून, सही करून जवळ ठेवायची असते. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या वेळीच ती मागितली जाते. ती नसेल, तर प्रवास तिथेच संपू शकतो.

जोडप्यांनी कशाची काळजी घ्यावी?

पती-पत्नीची एकत्र नोंदणी होत नाही. प्रत्येकाची स्वतंत्र करावी लागते. अर्जातली माहिती पासपोर्टशी तंतोतंत जुळायला हवी. लग्नानंतर पत्नीने आडनाव बदलले, पण पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल, तर नोंदणी आणि तिकीट दोन्ही पासपोर्टवरील नावानेच करावे. नोंदणीनंतर पासपोर्ट बदलला, तर नव्या पासपोर्टवर पुन्हा नोंदणी करावी लागते.

दोघांपैकी एकाची नोंदणी मंजूर झाली आणि दुसऱ्याची नाकारली गेली, तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. त्याला साधारण चार आठवडे लागतात. परत न मिळणारी दोन तिकिटे आणि हॉटेल आधीच घेतले असेल, तर दोघांचेही पैसे अडकतात. म्हणून क्रम साधा ठेवावा. आधी दोघांची नोंदणी, मग तिकीट, मग हॉटेल. नोंदणी मंजूर असली, तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचाच असतो. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग हाताशी ठेवावे.

आणखी एक गोष्ट. हाँगकाँग चीनचा भाग असला, तरी मुख्य भूमीवरील शेंझेनला जायचे असेल, तर चीनचा वेगळा व्हिसा लागतो. मेट्रो सीमेपर्यंत जाते, म्हणून सहज पलीकडे डोकावून येता येईल, असे समजू नये.

शनिवार कसा घालवावा?

शहराचे दोन मुख्य भाग आहेत. उत्तरेला कौलून, दक्षिणेला हाँगकाँग बेट आणि मधोमध व्हिक्टोरिया हार्बर. विमानतळावरून ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ २४ मिनिटांत हाँगकाँग स्थानकात पोहोचवते. दोघांसाठी गट तिकीट घेतल्यास ते दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. मुक्काम कौलूनच्या टोकाला, त्सिम शा त्सुईमध्ये ठेवल्यास बंदराचा धक्का चालत गाठता येतो. शहर दाटीचे असल्याने खोल्या लहान असतात, हे मनात धरूनच बुकिंग करावे.

दुपारी फेरीबोटीने बेटावर जाऊन १९०४पासून धावणाऱ्या दुमजली ट्राममध्ये बसावे. चढायचे मागून आणि पैसे द्यायचे पुढून उतरताना. भाडे तीन-साडेतीन हाँगकाँग डॉलर. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर शहर दाखवणारी याहून स्वस्त सफर नाही.

संध्याकाळी मात्र निवड करावी लागते. व्हिक्टोरिया पीक की धक्क्यावरून रात्री आठला दिसणारा इमारतींवरील रोषणाईचा खेळ? दोन्ही एकाच संध्याकाळी गाठायला गेलात, तर वेळ रांगेत आणि धावपळीत जातो. पीकवर नेणारी १८८८ची पीक ट्राम प्रसिद्ध आहे, पण शनिवारी तिची रांग लांब असते. सेंट्रलहून १५ क्रमांकाची बसही वर जाते. वरच्या सशुल्क गच्चीऐवजी लुगार्ड रोडच्या सपाट पायवाटेने चालत गेले, तर झाडीतून बंदराचे तेच दृश्य फुकट दिसते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचावे. दिवसाचे आणि दिव्यांचे शहर एकाच फेरीत पाहून होते.

स्टार फेरीचे मुंबईशी काय नाते?

बंदर ओलांडणारी हिरवी-पांढरी स्टार फेरी जेमतेम दहा मिनिटांची. शनिवार-रविवारी भाडे थोडे जास्त असते, तरी दहा डॉलरच्या आत. दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी व्यापाऱ्याने १८८८मध्ये ‘कौलून फेरी कंपनी’ स्थापन केली, तिचीच १८९८मध्ये ‘स्टार फेरी’ झाली. त्सिम शा त्सुईतील मोदी रोड हेही एका पारशाचे नाव आहे. मुंबईत जन्मलेल्या होरमसजी नौरोजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली.

ही फेरी शहराच्या किती जिव्हाळ्याची आहे, हे १९६६मध्ये दिसले. पहिल्या वर्गाचे भाडे पाच सेंटने वाढवण्याच्या प्रस्तावावरून आंदोलन सुरू झाले आणि त्याचे पर्यवसान कौलूनमधील दंगलीत झाले. आज समुद्राखालून मेट्रो आणि बोगदे असूनही लोक ही बोट सोडत नाहीत. शनिवारी रात्री तिने परतताना घाई करू नये. या सहलीत दोघांनी निवांत बसण्याची हीच जागा.

रविवारी काय आणि वगळावे काय?

रविवारी विमानतळाजवळचेच ठिकाण निवडणे शहाणपणाचे. सकाळी हॉटेल सोडून सामान विमानतळावरील सामानघरात ठेवावे आणि एस-१ बसने तुंग चुंगला जावे. तिथून ५.७ किलोमीटरची नाँग पिंग केबल कार डोंगरावर नेते. वर ३४ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे, पायऱ्या २६८. तिकीट आधीच ऑनलाइन काढावे. वारा जोराचा असला, की केबल कार बंद राहते; अशा वेळी बसचा पर्याय आहे, पण वेळ जास्त लागतो.

डिस्नेलँडला पूर्ण दिवस लागतो. मकाऊ बोटीने तासाभरावर असले, तरी जाता-येता दोन्हीकडे इमिग्रेशनच्या रांगा आहेत. सोमवारची रजा नसेल, तर ही दोन्ही नावे पुढच्या वेळेसाठी ठेवावीत.

शाकाहारींनी काय खावे?

भाजीच्या पदार्थातही ऑयस्टर सॉस किंवा मांसाचा रस्सा असू शकतो. फक्त ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, सॉस कोणता हेही विचारावे लागते. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहे सुरक्षित. बुद्धमूर्तीजवळच्या पो लिन मठातही शाकाहारी जेवण मिळते. नेथन रोडवरील चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय खानावळी आहेत.

कधी जावे, खिशात काय ठेवावे?

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सर्वात चांगला. जून ते सप्टेंबर वादळांचा मोसम. वादळाचा आठ क्रमांकाचा इशारा लागला, की कार्यालये बंद होतात आणि फेरी, बस, ट्राम थांबत जातात. दोन दिवसांच्या सहलीत एक दिवस गेला, तर अर्धी सहल गेली. या महिन्यांत जायचेच असेल, तर तारीख बदलता येईल असे तिकीट आणि प्रवास विमा घ्यावा.

एक हाँगकाँग डॉलर साधारण ११ रुपयांच्या आसपास पडतो. हे चलन १९८३पासून अमेरिकी डॉलरशी बांधलेले आहे. त्यामुळे अमेरिकी डॉलरपुढे रुपया घसरला, की ही सहलही महागते. मेट्रो, ट्राम, फेरी आणि छोट्या दुकानांसाठी दोघांनी एकेक ‘ऑक्टोपस’ कार्ड घ्यावे. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. ई-सिगारेट नेण्यास बंदी आहे आणि रस्त्यावर कचरा टाकल्यास ३,००० हाँगकाँग डॉलर दंड आहे.

१७ तासांत सगळे हाँगकाँग पाहून होणार नाही. एक डोंगर, एक बोट, एक ट्राम आणि एक मठ एवढे मात्र नीट होते. यादीतली बाकीची नावे निघण्यापूर्वीच दोघांनी मिळून खोडावीत. तिथे धक्क्यावर उभे राहून त्यावर वाद घालण्याइतका वेळ या सहलीत नसतो.