बुकिंग झालंय आणि पाळी चुकलीय

दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की माझ्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. नवरा बाहेर गाडीला जागा शोधत असतो. बाई आत येते, खुर्ची ओढते, दोन-चार माहितीपत्रकं चाळते आणि आवाज खाली आणून विचारते, "ताई, आम्ही चान्स घेतोय. आत्ता कुठे जावं की नको?" काही जणी तर बुकिंग झाल्यावर येतात. पाळी चुकलेली असते, घरी कुणाला सांगितलेलं नसतं आणि तिकिटं हातात असतात.

मी डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर सहलींचं बुकिंग करते. मी डॉक्टर नाही. पण आमच्याच इमारतीत एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचा दवाखाना आहे. वर्षानुवर्षं त्यांना विचारत, त्या सांगतील ते वाचत, हा प्रश्न मी नीट समजून घेतलाय. त्यावरून माझं मत ठाम झालंय: सहल पुढे ढकलायचं कारण बहुतेक जोडप्यांना नसतं. ठिकाण आणि तारीख मात्र विचार करून निवडावी लागते.

आमच्या भागातल्या बायका सकाळी सीएसएमटी फास्टला लटकून जातात. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२ चं काम चालू आहे, तिथून रिक्षाने आदळत स्टेशन गाठतात. दिवस गेल्यावरही हेच चालू राहतं आणि त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. पण तीच बाई चार दिवस नाशिकला जाते म्हणाली की घरात सगळ्यांना प्रवासाची भीती आठवते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक सातव्या महिन्यात माहेरी जायची, तीही घाटातून आणि एसटीने. तेव्हा तो प्रवास चालत होता. मला या विसंगतीचा मनापासून राग येतो, कारण तिचा भार शेवटी त्या मुलीवरच पडतो.

चान्स घेणारी जोडपी तारखांच्या फार दडपणाखाली असतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तास टिकतं. पुरुषबीज मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणजे महिन्यातले साधारण सहा दिवस महत्त्वाचे. पाळी नियमित असेल तर पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी बीज बाहेर पडतं. सहल त्या दिवसांत आली तर बिघडत काहीच नाही. उलट दोघांच्या शिफ्ट वेगळ्या असतील, घर एक खोली-स्वयंपाकघराचं असेल, तर ते दिवस बाहेर काढलेले बरेच. फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, चान्स घ्यायला लागल्यापासूनच सुरू करायची असते. ती बॅगेत सगळ्यात वर ठेवा.

ट्रीटमेंट चालू असेल तर गोष्ट वेगळी. बीज वाढतंय का ते बघायला एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी असते, इंजेक्शनं ठरल्या वेळी घ्यायची असतात आणि त्यातली काही फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. त्या महिन्यात लांबची सहल माझ्याकडून कुणाला मिळत नाही. मी सरळ पुढच्या महिन्याची तारीख काढून देते.

काही ठिकाणं या काळात टाळावीत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही आमची रविवारची हक्काची जागा. पण गरम कुंडात अंगभर बसून शरीराचं तापमान वाढू देऊ नये. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत बंद होते. अनेकींना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं किंवा कळलेलंच नसतं. म्हणून पाळीची वाट बघत असतानाही कुंडात पाय सोडून बसणं एवढंच करावं. तारकर्लीला जा, मासे नीट शिजवलेले खा, पण स्कूबा डायव्हिंगला नाही म्हणा. दाबातल्या बदलाने रक्तात होणारे बुडबुडे गर्भाला धोक्याचे मानले जातात. माथेरानला दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर बसू नका. अडचण धक्क्यांची नाही, पडण्याची आहे. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत तिथल्या विरळ हवेची आणि उपचारांच्या तुटवड्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

केनियाच्या जंगल सफारीची चौकशी आता आमच्याकडेही येते. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं कार्ड लागतं. ही लस जिवंत विषाणूची असते. घेतल्यावर चार आठवडे दिवस जाऊ देऊ नयेत आणि गरोदरपणात ती साधारणपणे देत नाहीत. गोवर-रुबेलाच्या लसीचंही तसंच. ज्यांना चान्स घ्यायचाय त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं, मग पॅकेजचे पैसे भरावेत.

डासांकडे लोक दुर्लक्ष करतात. झिका हा ब्राझीलचा आजार अशी समजूत होती. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात थेट पुणे शहरात रुग्ण निघाले. त्यांत गरोदर बायकाही होत्या. झिका गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो आणि तो शरीरसंबंधातूनही पसरतो. म्हणून साथ असलेल्या भागातून आल्यावर पुरुषाने तीन महिने आणि बाईने दोन महिने चान्स घ्यायचं थांबावं, असा सल्ला दिला जातो. हे डास दिवसा चावतात. पूर्ण बाह्यांचे कपडे बीचवरही घाला.

आता पाळी चुकलेल्या बाईकडे येते, कारण खरी काळजी तिथे आहे. घरच्या घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या म्हणजे गर्भ आहे एवढंच कळतं. तो गर्भाशयातच आहे का, हे त्यातून कळत नाही. शंभरात एखाद-दोन वेळा तो गर्भनलिकेत रुजतो. तो वाढला की नलिका फुटू शकते, पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. हे बहुतेकदा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास घडतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा बाहेरून बाई अगदी ठणठणीत दिसत असते. सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाची जागा दिसते. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकीला मी एकच विचारते, "पहिली सोनोग्राफी झाली का?" झाली नसेल तर जिथून तासाभरात मोठं हॉस्पिटल गाठता येत नाही अशा ठिकाणी जाऊ नये. पोटात एका बाजूला तीव्र कळ, रक्तस्राव, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काहीही झालं तर हॉटेलवर पडून राहायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

स्वतःचा रक्तगट माहीत असू द्या. आरएच निगेटिव्ह बाईला गरोदरपणात रक्तस्राव झाला तर काही वेळा ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं. परगावच्या डॉक्टरला हे पहिल्या वाक्यात सांगता आलं पाहिजे.

माझ्या धाकट्या जावेची गोष्ट सांगते, तिची परवानगी घेऊन. सातवा आठवडा संपता संपता ती गणपतीपुळ्याला जाऊन आली. ट्रेनने गेली, ट्रेनने आली, चालली ती फक्त वाळूत. पंधरवड्याने सोनोग्राफी झाली, तेव्हा ठोके नव्हते. घरात लगेच सहलीचं नाव निघालं. मी रिपोर्ट हातात घेतला. गर्भाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली होती आणि तिच्यापुढे आठवडे: सहा. वाढ सहाव्या आठवड्यातच थांबलेली होती. ती घरातून निघाली तेव्हा सगळं आधीच घडून गेलेलं होतं. मी तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना पटलं. जावेला मात्र अजून पुरतं पटलेलं नाही. गणपतीपुळ्याचे फोटो ती उघडत नाही.

कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात साधारण १० ते २० सुरुवातीच्या महिन्यांत आपोआप संपतात. त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडाचं असतं आणि ते गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. ट्रेनच्या हिसक्यांनी किंवा खड्ड्यांनी निरोगी गर्भ सुटत नाही. स्कूटर टाळायची ती पडू नये म्हणून.

मग जायचं कुठे? कोरड्या उलट्या सहाव्या आठवड्याला सुरू होतात आणि नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतात. त्या दिवसांत पसरणी घाटाची वळणं घेत महाबळेश्वर म्हणजे हाल. कल्याणहून सकाळची तपोवन पकडली तर नाशिक तीन तासांच्या आसपास येतं, उठून चालता येतं, स्वच्छतागृह हाताशी असतं आणि शहरात सगळे दवाखाने आहेत. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीत कोल्हापूर होतं. गोव्याला जायचं तर २०११ पासून काम चालू असलेल्या महामार्गावर दिवसभर गाडीत बसण्यापेक्षा ठाण्याहून कोकण रेल्वे धरा. तिथे बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून जड नसतं. फक्त १८ ते २० आठवड्यांची मोठी सोनोग्राफी चुकेल अशी तारीख घेऊ नका.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. बाकी लोक कुरकुरले, पण चान्स घेणाऱ्यांना हे बरंच झालं. दोन महिन्यांपलीकडचं कुणाला ठाऊक असतं? गरोदर बाईला खालच्या बर्थचा कोटा आहे, तो डॉक्टरांच्या दाखल्यावर मागून घ्या. निरोगी गरोदरपणात विमानप्रवास चालतो. साधारण ३२ आठवड्यांनंतर देशातल्या बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर बसू देत नाहीत. प्रवास विमा घेताना गरोदरपणाचा खर्च त्यात आहे का ते वाचा. बहुतेकांत तो वगळलेला असतो. हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या, चारशे रुपये जास्त गेले तरी.

पाण्याची कंजुषी करू नका. हेपेटायटिस ई ही दूषित पाण्यातून होणारी कावीळ इतरांना आठ-पंधरा दिवस झोपवते, पण गरोदर बाईचा, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जीव घेऊ शकते. सीलबंद किंवा उकळलेलं पाणी घ्या. उसाच्या रसातला बर्फ आणि पाणीपुरी काही महिने राहू द्या. गाडीत दर दीड-दोन तासांनी उतरून चाला, कारण गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सीटबेल्ट लावाच, खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांवर.

घरातल्या मोठ्यांना माझी हात जोडून एक विनंती आहे. तिला जाऊ द्या. आणि परत आल्यावर काही बिनसलंच, तर "तरी मी सांगत होते" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका, तिच्या पाठीमागेही नाही.