बाळाला झोपवावं कसं?



यंदा आपल्या मराठी वर्गातल्या काही घरांत पाळणा हलणार आहे. आजी-आजोबा येतील. त्यांच्या बॅगेत बाळंतविडा असेल: झबली, टोपडी, दुपटी, मऊ गोधडी आणि डोकं छान गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. इकडे हॉस्पिटलमधली नर्स सांगते, क्रिबमध्ये बाळाशिवाय काहीही ठेवू नका. मग ऐकायचं कुणाचं? आम्ही दोघे डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाले आहोत. पण नियमामागचं कारण कळलं की नियम पाळणं सोपं जातं, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

नियम तीन शब्दांचा आहे: उताणं, सपाट, मोकळं. पहिलं वर्षभर, रात्री आणि दुपारीसुद्धा.

उताणंच का?

तान्हं बाळ झोपेत अचानक दगावतं आणि तपास करूनही कारण सापडत नाही, त्याला इथे ‘सिड्स’ म्हणतात. पहिल्या सहा महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो.

एके काळी अमेरिकेत बाळांना पालथं झोपवत. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी असलेल्या पुस्तकातही १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हाच सल्ला होता. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, ही त्यामागची भीती. ऐकायला पटतं, पण शरीराची रचना वेगळंच सांगते. श्वासनळी पुढे असते, अन्ननळी तिच्या मागे. बाळ उताणं असलं की श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली येते. वर आलेलं दूध खालच्या नळीकडेच राहतं आणि बाळ ते गिळून टाकतं. पालथं केलं की नळ्यांची अदलाबदल होते आणि दूध श्वासनळीच्या तोंडाशी साचू शकतं. शिवाय तोंड गादीत रुतलं तर बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा आत घेतं. पालथं बाळ गाढ झोपतं खरं, पण श्वासाला त्रास झाला तरी चटकन जागं होत नाही. तीच तर अडचण आहे.

१९८५ साली हाँगकाँगमधल्या डॉ. डेव्हिस यांनी लिहिलं की तिथे असे मृत्यू फार कमी होतात आणि तिथली बाळं उताणी झोपतात. नेदरलँड्समध्ये १९८७ साली आणि ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘पालथं नको’ असा प्रचार सुरू झाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने १९९२ साली तसा सल्ला दिला आणि १९९४ साली देशभर मोहीम निघाली. १९९२ साली इथे दर हजार बाळांमागे सुमारे १.२ बाळं सिड्सने जात. दहा वर्षांच्या आत हे प्रमाण निम्म्यावर आलं. नवीन औषध नाही, मशीन नाही, फक्त बाळाची कूस बदलली! कुशीवरून बाळ सहज पालथं होतं, म्हणून २००५ पासून कुशीवरही झोपवू नये असं सांगितलं जातं.

सपाट आणि मोकळं

गादी घट्ट हवी, तिच्यावर ताणून बसवलेली एकच चादर. उशी, गोधडी, खेळणी, कडेच्या मऊ गाद्या, काही नको. उतार असलेल्या जागी बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून १० अंशांहून जास्त उताराच्या बेबी स्लीपरवर आणि क्रिबच्या कडेच्या गाद्यांवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत मे २०२२ मध्ये झाला. झोळीचंही तसंच. कार सीटमध्ये बाळ झोपलं तर घरी आल्यावर उचलून क्रिबमध्ये ठेवावं. बारशाच्या पाळण्यात जागं बाळ सर्वांसमोर जरूर जोजवा, झोपलं की क्रिबमध्ये.

घर गरम असतं, तेव्हा आपल्यापेक्षा एक कपडा जास्त पुरे. घरात झोपताना टोपडं नको. दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही, पण बाळ पालथं पडायची खटपट करू लागलं की त्या दिवसापासून बंद. दोन्ही बाजूंनी स्वतःहून वळता येऊ लागलं की झोपेत पालथं झालं तरी राहू द्यावं, मात्र ठेवताना उताणंच. जागेपणी, कुणी समोर बसलेलं असताना, पोटावर जरूर खेळवावं. त्याने मान धरते आणि डोकंही मागून चपटं होत नाही. म्हणजे मोहरीच्या उशीचं काम झालंच.

बाळाला जवळ घेऊन झोपायची आपली पद्धत. इथले डॉक्टर सांगतात, खोली एक, अंथरूण वेगळं, निदान सहा महिने. रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मुळीच बसू नये, ती सर्वांत धोक्याची जागा. त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला केलेला पलंग बरा, आणि जाग येताच बाळ क्रिबमध्ये. घरात सिगारेट नको. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आजींना कसं सांगायचं?

“आमची चारही मुलं गोधडीत वाढली, काय झालं?” हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. गणित करू या. १९९२ सालीसुद्धा हजारांतल्या ९९८ हून जास्त बाळांना सिड्स झाला नव्हता. एका आजींनी नात्यागोत्यातली पन्नास बाळं पाहिली असतील. हजारात एकदा घडणारी गोष्ट पन्नासांत दिसायची नाही. आमच्या कामात प्रोग्रॅम पन्नास वेळा चालला म्हणून निर्दोष ठरत नाही, तसंच हे. आजींचा अनुभव खोटा नाही, तो लहान आहे.

आणि अर्धं श्रेय त्यांचंच आहे. मोहरीच्या उशीवर बाळ उताणंच झोपतं! तेव्हा “आई, उताणं झोपवायची तुमची पद्धत इथल्या डॉक्टरांनी उशिरा उचलली. आता उशी आणि गोधडी तेवढी जागेपणी वापरू,” असं म्हणून पाहा. हे बेबीसिटरलाही सांगायला हवं, कारण रोज उताणं झोपणारं बाळ एखाद्या दुपारी कुणी पालथं ठेवलं तर धोका अधिकच वाढतो.

सगळं नीट करूनही क्वचित एखाद्या घरावर हा घाला येतो. अशा आईवडिलांना दोष देऊ नये.

बालमित्रांनो, धाकट्या भावंडाच्या क्रिबमध्ये प्रेमाने टेडी ठेवावासा वाटेल. तो शेल्फवर ठेवा, बाळ उठलं की द्या. आणि कुणी उशी ठेवली तर मराठीत सांगा: उताणं, सपाट, मोकळं!