करटीभर निरो

विहीणबाईंचे गुडघे हे निमित्त. त्या धारवाडला असतात. डॉक्टर झाले, तेलं झाली, गरम वाळूच्या पुरचुंड्या झाल्या, आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं की काजूची अस्सल फेणी चोळा, गुण येतो. त्यांनी लेकीला फोन केला आणि लेकीनं, म्हणजे आमच्या सुनेनं, मला विचारलं, "अत्ती, रविवारी आपण चोर्ल्यातून गोव्याला जातोच आहोत की. अव्वासाठी एक बाटली आणूया काय?"

आमच्या घरात 'बाटली' हा शब्द औषधापलीकडं कुणी उच्चारत नाही. हे तिला लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. आणूया म्हटलं.

२०२४ चा एप्रिल. पहाटेच बेळगाव सोडलं. जांबोटी गेली, मलप्रभेचं उगमस्थान कणकुंबी गेलं, घाट उतरताना खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकलं आणि सत्तरीत उतरलो. मुलाच्या वाळपईच्या एका मित्रानं पत्ता दिला होता. दुकानातली नको, भट्टीवरचीच घ्या, असं त्याचं म्हणणं. परवान्याचं काय ते वाळपईत बघून देतो म्हणाला. वर एक ताकीदही दिली होती, "म्हातारा विक्षिप्त आहे. देईल, न देईल. वाद घालू नका."

डांबरी रस्ता सोडून काजूच्या बागेतनं पायवाटेनं आत गेलं की भट्टी. भट्टी म्हणजे काही कारखाना नव्हे हो! वर झावळ्यांचं छप्पर, तीन बाजू उघड्या, चौथ्या बाजूला मातीची भिंत. काजूच्या बोंडूंचा गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास तर मोटारीतूनच यायला लागला होता. मी मोटारीतच बसते म्हटलं, पण उन्हानं बसू दिलं नाही.

म्हातारा सत्तरीच्या पुढचा. एप्रिलच्या त्या उकाड्यात डोक्याला लोकरीची कानटोपी. आम्ही कोण, कुठले, हे विचारायच्या आधी त्यानं सुनेच्या केसांकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "ती मोगऱ्याची माळ भायर." आम्हाला काहीच कळेना. मग आतून त्याच्या बायकोनं उलगडा केला. भट्टी चालू असताना आत कसलाही दुसरा वास यायचा नाही, असा त्याचा नियम. माळ नको, अत्तर नको, तंबाखू तर नकोच. त्याचं सगळं काम नाकावर चालतं. बिचारीनं हौसेनं माळलेला गजरा काढून कुंपणाच्या काठीला अडकवला. माझ्या हातरुमालाला कोलनवॉटरचा वास होता, तो रुमालही त्याच काठीवर गेला.

मग मात्र तो खुलला. "खंयच्यान आयल्यात?" बेळगाव म्हटल्यावर मराठीवर आला. अर्धी कोंकणी, अर्धी मराठी अशी ती सत्तरीची बोली. इथं मी मराठीतच देते.

माझं माहेर चंदगडकडचं. काजू मला नवा नाही. पण आमच्याकडं बी पिळून घेतली की बोंडू तिथंच झाडाखाली. गुरं खातात, उरलेले कुजतात. लहानपणी आम्ही मीठ लावून खायचो, घसा खवखवायचा आणि फ्रॉकवर डाग पडला की आईचा मार. तो डाग कशानं म्हणता कशानं जात नाही. गंमत अशी की खरं फळ म्हणजे ती बी. बोंडू हा नुसता फुगलेला देठ. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड आणलं, 'काजू' हे नावही तिकडूनच आलं, आणि जो देठ आम्ही फेकून देतो त्यातनं गोवेकरांनी फेणी काढली.

म्हाताऱ्याचा दुसरा नियम असा की झाडावरचा बोंडू तोडायचा नाही. आपणहून पडलेलाच उचलायचा. हा काही त्याचा एकट्याचा नियम नव्हे, चांगल्या फेणीची रीतच ती. पूर्ण पिकल्याशिवाय बोंडू पडत नाही आणि कच्च्या बोंडूचा तुरटपणा पुढं कशातही लपत नाही. पण याचा कडकपणा पुढचा. उन्हं वर आल्यावर उचललेले बोंडू तो घेत नाही. म्हणजे बायकांनी झुंजुमुंजूला बागेत जायचं, वाकून वाकून पाट्या भरायच्या. "आता कोण येतंय?" बायको म्हणाली. "बी विकली की पैसे होतात. बोंडू उचलायला माणूस मिळत नाही."

मागं कातळात खोदलेली उथळ कुंडी होती, तिला 'कोळंबी' म्हणतात. तीत बोंडू टाकून पायांनी तुडवायचे. बहुतेक ठिकाणी आता यंत्र आलं आहे, यानं आणलेलं नाही. तुडवून निघालेला रस भांड्यांत भरून दोन-तीन दिवस ठेवतात. विरजण नाही, साखर नाही, पाणी नाही, हवेतल्या आणि फळावरच्या जीवजंतूंनीच तो फसफसतो. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग रचून वर दगड ठेवला की रात्रभर थेंब थेंब रस गळतो, तो 'निरो'. निवळशंख, गोड. तो मात्र नुसता पितात. पोरंबाळंही पितात.

आंबलेला रस तांब्याच्या भांड्यात, म्हणजे 'भाणा'त, चढवायचा. तोंड वारुळाच्या मातीनं लिंपायचं, म्हणजे वाफ वाया जात नाही. वाफ नळीतनं 'लावणी'त उतरते. लावणी म्हणजे दुसरं मडकं, पाण्यात ठेवलेलं. वरून नारळाच्या करटीनं सतत पाणी ओतत राहायचं, म्हणजे वाफेचं पाणी होतं. पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक. तो सौम्य, हंगामापुरता, टिकत नाही. त्यात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा गाळला की फेणी. तिच्यात साधारण ४२ टक्क्यांच्या पुढं मद्य असतं. कडकपणा 'ग्राव'मध्ये मोजतात. त्यासाठी काचेची तरंगती नळी असते, याच्याकडंही होती. पण ती तो आमच्यासारख्यांना दाखवण्यापुरती वापरतो. स्वतः तळहातावर थेंब घेऊन चोळतो, वास घेतो, मग भांड्यातनं भांड्यात उंचावरून ओतून वर येणारा फेस पाहतो. फेणी हे नाव फेसावरूनच आलं असं सांगतात. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला राज्याच्या वारशाचं पेय म्हणून मान दिला. हे मी मुलाकडनं ऐकलं होतं, तर मोठ्या कौतुकानं म्हाताऱ्याला सांगायला गेले. तो म्हणाला, "कागद बरा आहे. बोंडू उचलायला येतो काय तो?"

भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेले. मला वाटलं हिशेब. पण तो पावसाचा होता. कुठल्या वर्षी वळीव केव्हा पडला, मोहर कधी जळला, त्या वर्षीची फेणी कशी उतरली. पैशाचा एकही आकडा भिंतीवर नव्हता. बायको हळूच म्हणाली, तो हिशेब लिहिण्यासारखा नसतोच.

एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. पस्तीसेक वर्षांचा माणूस, इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. आत आला नाही, छपराच्या कडेला उभा राहिला. म्हाताऱ्यानं एक शब्द न बोलता करटी उचलली, निरोनं काठोकाठ भरली आणि त्याच्या हातात दिली. मग नुसता बघत राहिला. मी आधी समजले हा पाहुणचार. पण तो माणूसही पीत नव्हता, नुसती धरून उभा होता. भाणाखाली लाकूड तडतडत होतं. आणि करटीच्या कडेवरनं निरो ओघळला, मनगटावरनं सदऱ्याच्या बाहीत गेला.

"पी तो," म्हातारा म्हणाला, "आणि घरा वच."

तो माणूस बोलला ते मी लिहीत नाही. करटी जमिनीवर आपटून गेला. बराच वेळ त्याच्या गाडीचा आवाज येत राहिला.

"हे असं," बायको आमच्याकडं बघून म्हणाली. "गिऱ्हाईक उभं करत नाहीत. पुढं तिठ्यावर बार आहे. तो आता तिथं जाणार. पैसे त्यांना, आणि शिव्या आम्हाला."

मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू? दारू गाळायची आणि वर सोवळंही पाळायचं, हे कुठलं? मी विचारलंच, "काका, तुम्ही नाही दिली म्हणून तो काय प्यायचा राहतो?"

"राहत नाही."

"मग?"

तो लावणीवर पाणी ओतत होता. ओतायचं न थांबता म्हणाला, "माझा बाप सगळ्यांना द्यायचा. उधारही द्यायचा. त्या वेळी पाणी ओतायला मी असायचो. कोण कोण यायचे, माझी सगळी नावं पाठ आहेत." आणि त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. वाड्याचं नाव, माणसाचं नाव. पाच-सहा झाली असतील. मग मध्येच थांबून भाणाला कान लावला, कारण आतला आवाज बदलला होता.

तो स्वतः पीत नाही. चव घेतो आणि थुंकतो.

माझी बाटली राहिलीच होती. सुनेनं आठवण केली. म्हाताऱ्यानं तीच करटी धुतली, भरली आणि माझ्यापुढं धरली. मुलगा हसला, "काका, आईला कशाला? गुडघ्याला चोळायला पाहिजे." म्हातारा म्हणाला, "नियम तो नियम. घे बाय."

मी करटी हातात घेतली.

माझा धाकटा भाऊ १९९८ साली गेला, एकेचाळिसाव्या वर्षी. शेवटची दोन वर्षं सकाळचा चहा त्याच्या हातात राहत नसे. कपबशी वाजायची. आईनं एक दिवस काही न बोलता त्याच्यासाठी स्टीलचा पेला काढला. पुढं पेलाही अर्धाच भरायला लागली, म्हणजे सांडणार नाही. आम्ही सगळे त्या अर्ध्या पेल्याकडं बघायचो आणि पावसापाण्याचं बोलायचो. कोण देतं त्याला, कुठं बसतो, सगळं ठाऊक होतं. मी थोरली. मला 'आक्का' म्हणायचा. मी एकदाही त्याच्यापुढं काठोकाठ भरलेला पेला धरला नाही.

हात थरथरला. निरो माझ्या साडीवर सांडला.

म्हातारा माझ्याकडं पाहत राहिला. मी पीत नाही एवढं त्याला दिसतच असणार. पण फेणी दिली नाही ती नाहीच. मुलगा वाद घालायला लागला, त्याला मी खूण करून थांबवलं. मग म्हाताऱ्यानं एका प्लॅस्टिकच्या बाटलीत गळ्यापर्यंत निरो भरला, बूच घट्ट लावलं, पैसे घेतले नाहीत. "वाटेत उघडत जा," म्हणाला. गजरा कुंपणावरच राहिला, तो घाट चढताना आठवला.

बाटली वाटेत उघडायची मात्र कुणाला आठवण झाली नाही. कणकुंबीच्या अबकारी नाक्यावर शिपायानं काच खाली करायला सांगितली आणि माझ्या मांडीवरच्या बाटलीकडं बोट दाखवून विचारलं, "एनिदु?"

"गेरहण्णिन रसा री, सर," सून म्हणाली.

तेवढ्यात बूच उडालं. छताला लागलं आणि फेसाचं कारंजं माझ्या पदरावर, सुनेच्या केसांवर, थोडं शिपायाच्या बाहीवरसुद्धा. चार तास उन्हात बसून त्या निरोनं आपलं काम सुरू केलं होतं. शिपायानं बाहीचा वास घेतला. माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. पुन्हा वास घेतला. मग हसू आवरत म्हणाला, "होग्री अम्मा, होग्री."

मोटारीत आम्ही सगळेच पोट धरून हसलो. हसणं थांबल्यावर सुनेनं विचारलं, "अत्ती, तिकडं करटी धरताना तुमचा हात का थरथरला?"

जांबोटी येईपर्यंत मी तिला धाकट्याचं सांगितलं. मराठीत सुरुवात केली, कधी कन्नडवर गेले कळलं नाही. पुढच्या सीटवर मुलगा गप्प बसून गाडी चालवत होता. मामाचा अर्धा पेला त्यालाही माहीत नव्हता.

विहीणबाईंना तिळाचं तेलच पाठवलं.