जकातमुक्त बाटलीचा घरापर्यंतचा प्रवास

सिंगापुरास विमानानें जावें, तेथून तीन-चार रात्रींच्या क्रूझवर चढून पेनांग किंवा फुकेत पाहावें आणि पुन्हां विमानानें मुंबईस उतरावें, असा सुटीचा बेत जळगांव-धुळ्याकडील सुखवस्तु कुटुंबांतूनही आतां आंखला जातो. जहाजावर दुकानें असतात, तेथें परदेशी मद्य जकात न भरतां मिळतें, आणि मंडळींतील एखादा जांवई किंवा पुतण्या दोन बाटल्या घेऊन येतो. मद्य प्यावें कीं नाहीं, हा वाद येथें करावयाचा नाहीं. तो ज्या-त्या घरानें आपल्या रीतीप्रमाणें मिटवावा. परंतु बाटली घेतलीच, तर ती कायद्याच्या कोणकोणत्या दारांतून घरीं येते, हें घरांतील वडील मंडळींनींही समजून घेतलें पाहिजे. कारण चूक एकाची झाली, तरी चौकीच्या दप्तरांत नांव साऱ्या घराचें चढतें.

प्रथम 'जकातमुक्त' या शब्दाचा अर्थ पाहूं. हा शब्द एका कराची माफी सांगतो; कोणत्याही गोष्टीची परवानगी सांगत नाहीं. ही माफीही परदेशांतून परत येणाऱ्यासच आहे. मुंबईहून निघून गोवा, कोची किंवा लक्षद्वीप पाहून परतणाऱ्या जहाजावरचा प्रवासी देशाबाहेर गेलेलाच नसतो. त्यामुळें त्याला ही सवलत नाहीं. गोव्याच्या बाजारांतील स्वस्त बाटली तर जकातमुक्त मुळींच नव्हे. तेथील राज्याचा कर कमी, म्हणून ती स्वस्त; ती परवान्यावांचून महाराष्ट्रांत आणणें हा गुन्हा आहे.

पहिलें दार जहाजाचें व परक्या बंदराचें. जहाजावर घेतलेली बाटली बहुधा लगेच हातीं देत नाहींत. सफरीच्या शेवटच्या रात्रीं किंवा उतरण्याच्या दिवशीं सकाळीं ती देतात. पुढें सिंगापुरास उतरल्यावर तेथील नियम लागू होतो. तेथें दोन लिटरपर्यंत सवलत आहे. पण प्रवासी अठरा वर्षांवरील असावा, तो निदान ४८ तास सिंगापूरबाहेर राहिलेला असावा आणि मलेशियाहून आलेला नसावा, अशा अटी आहेत. पेनांग हें मलेशियांतच आहे. तेव्हां तेथून थेट सिंगापुरास येणाऱ्याच्या बाटलीवर तेथील कर द्यावा लागतो, हें खरेदीपूर्वींच ध्यानांत ठेवावें.

मग विमान. हातांतील सामानांत १०० मिलिलिटरहून मोठें द्रवाचें भांडें चालत नाहीं. म्हणून जहाजावरील बाटली मोठ्या पेटींतच घातली पाहिजे. शेंकडा २४ ते ७० अंश मद्यार्क असलेलें पेय मूळच्या सीलबंद बाटल्यांतून माणशीं पांच लिटरपर्यंत विमानांत नेतां येतें. ७० अंशांहून कडक असेल तर मुळींच नाहीं. पण ही पांच लिटरची मर्यादा विमानाच्या सुरक्षिततेची आहे, जकातीची नव्हे; या दोहोंत पुष्कळांचा घोटाळा होतो. विमानतळावरील दुकानांत घेतलेली बाटली मोहोरबंद पारदर्शक पिशवींत मिळते व ती हातांत नेतां येते. मात्र ती पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडूं नये आणि पावती आंतच असूं द्यावी.

पेटी भरतांना बाटलीच्या बुचाभोंवतीं चिकटपट्टी लावावी, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून जाड कपड्यांत गुंडाळावी आणि टणक पेटीच्या मध्यभागीं ठेवावी. कडेला किंवा कोपऱ्यांत ठेवूं नये. मुंबईहून पुढें मोटारीनें यावयाचें असेल, तर खानदेशच्या उन्हाळ्याचाही विचार करावा. वैशाखांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद मोटारींतील उष्णता याहूनही अधिक. व्हिस्कीचें यांत फारसें बिघडत नाहीं. पण द्राक्षाची वाईन मागच्या डिकींत एक दुपार राहिली, तरी तिची चव जाते. ज्यांना ही सारी यातायात नको असेल, त्यांनीं मुंबईच्या विमानतळावर उतरल्यानंतरच्या जकातमुक्त दुकानांत खरेदी करावी, हें सर्वांत सोपें.

दुसरें दार जकातीचें. येथें दोन लिटर मद्य माणशीं मोफत आणतां येतें. एक लिटरच्या दोन बाटल्या चालतात; पाऊण लिटरच्या तीन झाल्या कीं सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या पाव लिटरावर जकात बसते. ती इतकी जबर असते कीं खरेदींतील सारा स्वस्तपणा तींत बुडून जातो. जास्त माल असेल, तर तांबड्या मार्गानें जाऊन तो स्वतः दाखवावा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणें आपल्या सामानाची खरी माहिती देणें हें प्रवाशाचें कर्तव्यच आहे. दाखवून कर भरणें यांत लाज नाहीं. हिरव्या मार्गांत पेटी उघडली जाण्यांत मात्र आहे.

तिसरें दार राज्याचें, आणि बहुतेक लोक चुकतात तें येथेंच. 'जकातवाल्यांनीं सोडलें, आतां कोण अडवितो?' अशी समजूत सर्वत्र आढळते. ती निराधार आहे. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला. त्याविरुद्ध फ्र. न. बलसारा या गृहस्थांनीं व्हिस्की, ब्रँडी, बिअर इत्यादि बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मागितला, आणि तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. मे १९५१ मध्यें न्यायालयानें कायद्याचीं कांहीं कलमें, विशेषतः औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांसंबंधीचीं, रद्द केलीं. पण दारूबंदीचा गाभा कायम ठेवला. त्यांतील एक मुद्दा आपल्या विषयाशीं थेट निगडित आहे. परदेशांतून माल आंत येऊं देणें हा मध्यवर्ती सत्तेचा विषय. परंतु आंत आल्यानंतर तो बाळगणें किंवा विकणें 'आयात' या शब्दांत येत नाहीं, म्हणून त्यावर राज्य बंधन घालूं शकतें, असें न्यायालयानें सांगितलें. जकातदाराची पावती राज्याच्या परवान्याची जागा घेऊं शकत नाहीं, याचें मूळ येथें आहे.

१९६० सालीं द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगलें आणि तोच कायदा दोन्ही राज्यांच्या वांट्यास आला. महाराष्ट्रानें पुढें तो सैल करून परवान्याची पद्धत ठेवली. गुजरातनें बंदी कायम ठेवली. खानदेशला याचें महत्त्व विशेष, कारण आपली एक वाट गुजरातेंतूनच येते. मुंबईहून भुसावळकडे जाणारी खानदेश एक्सप्रेस कल्याण-मनमाडवरून न जातां सुरतमार्गें जाते. ती डहाणूच्या पुढें गुजरातेंत शिरते व नवापुराशीं परत महाराष्ट्रांत येते. नवापूरचें स्टेशन तर अर्धें एका राज्यांत व अर्धें दुसऱ्यांत आहे. त्या एकाच फलाटावर बाटलीचा गुन्हा चार पावलांत बदलतो! सुरतेहून सोनगड-नवापूर-साक्रीवरून धुळ्यास येणाऱ्या मोटारीचीही तीच गोष्ट. सुरतेंत खानदेशी वस्ती मोठी. तेथील आप्तांकडे दोन दिवस राहून घरीं जावें, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु गुजरातेंत परवान्यावांचून बाटली बाळगल्यास तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. बाहेरच्या प्रवाशांसाठीं तात्पुरत्या परवान्याची सोय तेथें आहे खरी. पण तो आधीं मागून घ्यावा लागतो, पकडल्यानंतर मिळत नाहीं. सामानांत बाटली असतां कल्याण-मनमाडची गाडी किंवा नाशिक-मालेगांवचा रस्ता धरावा, हें उत्तम.

महाराष्ट्रांतही परवाना लागतो, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. कडक मद्यासाठीं वयाची अट २५ वर्षांची, बिअर व वाईनसाठीं २१ ची. सिंगापुरास अठराव्या वर्षीं बाटली घेणारा मुलगा जळगांवांत ती बाळगूं शकत नाहीं. शिवाय वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. जळगांवहून नागपूरच्या आप्तांस भेट म्हणून बाटली नेणाऱ्याची गाडी वर्ध्यावरूनच जाते.

यांतून कुटुंबासाठीं निष्पन्न होणारा नियम थोडक्यांत असा: जो पिणारा, त्यानेंच बाटली घ्यावी, त्यानेंच ती आपल्या पेटींत ठेवावी आणि पावती व परवाना आपल्या जवळ बाळगावा. मोफत मर्यादा माणशीं आहे, म्हणून न पिणाऱ्या काकूंच्या किंवा वृद्ध वडिलांच्या सामानांत 'त्यांच्या नांवाच्या' दोन बाटल्या घालण्याची युक्ति कोणी सुचविली, तर ती घरांतील कर्त्या माणसानें तेथेंच मोडून काढावी. अधिकाऱ्यानें विचारलें असतां उत्तर त्यांना द्यावें लागेल, आणि ज्या वस्तूला त्यांनीं जन्मांत हात लावला नाहीं तिच्यासाठीं लागेल. दोन बाटल्यांची बचत कांहीं शेंकडे-हजार रुपयांची असते. वडीलधाऱ्यांची मान खालीं जाण्याची भरपाई तेवढ्यानें होत नाहीं.